दोन कक्षा, एक बिंदू: ग्रुपच्या क्रियेचा कोशंट नक्की कशाचा असतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचे उत्तर देतो आहे ते स्पष्ट राहील. जीएल-२, म्हणजे व्यस्त असलेल्या २×२ मॅट्रिक्सचा ग्रुप, २×२ मॅट्रिक्सवर कॉन्ज्युगेशनने क्रिया करतो: ग हा अ ला ग·अ·ग⁻¹ वर नेतो. त्याच्या कक्षा (एका मॅट्रिक्सपासून या क्रियेने जिथे जिथे पोचता येते त्यांचा संच ही एक कक्षा) म्हणजे जॉर्डन रूपे, हे पदवीच्या लिनिअर अल्जिब्रात आपण शिकतो. पण बैजिक भूमितीत याच क्रियेचा कोशंट (एकेका कक्षेचा एकेक बिंदू करून मिळावी अशी जागा) म्हणून जे हातात येते ते एक साधे प्रतल: ट्रेस आणि डिटर्मिनंट हे त्याचे दोन कोऑर्डिनेट. या प्रतलात एकक मॅट्रिक्स आणि आयगेनव्हॅल्यू १ असलेला जॉर्डन ब्लॉक एकाच बिंदूवर येतात, आणि ते तर एकमेकांचे कॉन्ज्युगेट नाहीत. मग याला कोशंट कसे म्हणायचे? कॅटेगॉरिकल, गुड, जिओमेट्रिक आणि स्टॅक या चार नावांपैकी खरे कोणते? आणि तुमच्या कामात तर दोन मॅट्रिक्सची जोडी आहे, तिथे काय करायचे?

कक्षांचा संच कायम असतो, त्याबद्दल वाद नाही. त्या संचाला व्हरायटीची, म्हणजे बहुपदी समीकरणांनी ठरणाऱ्या जागेची, रचना देता येते की नाही, हा प्रश्न आहे. ते एकाच गोष्टीवर ठरते: एका कक्षेचे क्लोजर (कक्षा आणि तिचे सीमाबिंदू) दुसऱ्या कक्षेला जाऊन भिडते का? भिडत असेल तर त्या दोन कक्षा दोन वेगळ्या बंद बिंदूंत पाठवणारी संतत रचना शक्यच नाही. तुमच्या गोंधळाचे मूळ इथे आहे. चार नावांच्या व्याख्या पाठ करून तो सुटत नाही, कारण त्या व्याख्या या अडचणीला दिलेली वेगवेगळी उत्तरे आहेत.

उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही आधीच सांगतो. ग्रुप रिडक्टिव्ह आहे का (म्हणजे जीएल-२ सारखा, ज्याच्याकडे सरासरी काढायची बैजिक पद्धत असते), व्हरायटी अफाइन आहे की प्रोजेक्टिव्ह, क्षेत्र बैजिकदृष्ट्या बंद आहे का, आणि मुख्य म्हणजे कोशंट मिळाल्यावर त्याचे तुम्ही काय करणार आहात, या सगळ्याने उत्तर बदलते. वेगळे सांगितले नसेल तिथे क्षेत्र बैजिकदृष्ट्या बंद आणि कॅरॅक्टरिस्टिक शून्य धरा.

कक्षांबद्दल दोन-तीन तथ्ये मी कायम डोक्यात ठेवतो. प्रत्येक कक्षा आपल्या क्लोजरमध्ये ओपन असते. क्लोजरमधून कक्षा काढली की जी कड उरते, ती काटेकोरपणे कमी मितीच्या कक्षांची बनलेली असते. म्हणून सर्वांत कमी मितीच्या कक्षा बंद असतात आणि प्रत्येक कक्षेच्या क्लोजरमध्ये निदान एक बंद कक्षा सापडते. कक्षेची मिती म्हणजे ग्रुपची मिती वजा स्टॅबिलायझरची (बिंदूला जागच्या जागी ठेवणाऱ्या उपग्रुपची) मिती. खास बिंदूंवर स्टॅबिलायझर मोठा होतो, म्हणजे तिथे कक्षा लहान होते. नवी क्रिया समोर आली की मी पहिल्यांदा हेच बघतो: स्टॅबिलायझर कुठे फुगतो?

आता एक उदाहरण. हे नीट पचवले तर पुढचे जवळजवळ सगळे त्यातच आहे. प्रतलावर शून्येतर संख्यांचा गुणाकारी ग्रुप अशी क्रिया करतो: त ही संख्या (क्ष, य) या बिंदूला (त·क्ष, य/त) वर नेते. क शून्य नसेल तर क्ष·य = क हा संपूर्ण अपास्त एक कक्षा आहे, आणि ती बंद आहे. पण क्ष·य = ० या ठिकाणी एकदम तीन कक्षा आहेत: आरंभबिंदू वगळून क्ष-अक्ष, आरंभबिंदू वगळून य-अक्ष, आणि एकटा आरंभबिंदू. दोन्ही अक्षांच्या कक्षा बंद नाहीत. (त, ०) मध्ये त शून्याकडे नेला की आपण आरंभबिंदूवर पोचतो, आणि दुसऱ्या अक्षावरही तेच होते.

या क्रियेखाली न बदलणाऱ्या बहुपदी कोणत्या? एखाद्या पदात क्ष चा घात आणि य चा घात वेगळे असतील तर त्या पदाला त चा कुठला तरी घात चिकटतो. तेव्हा दोन्ही घात समान असलेली पदेच टिकतात, आणि सगळे इन्व्हेरियंट क्ष·य च्या बहुपदी निघतात. म्हणजे कोशंट एक रेषा, आणि कोशंटचा नकाशा (क्ष, य) ला क्ष·य वर नेतो. रेषेवरच्या शून्यावर त्या तिन्ही कक्षा एकत्र येतात. इथे कोणी निष्काळजीपणा केलेला नाही. इन्व्हेरियंट फंक्शन कक्षेवर स्थिर असते, संतत असल्यामुळे कक्षेच्या क्लोजरवरही स्थिर राहते, आणि दोन्ही अक्षांची क्लोजर आरंभबिंदूत भेटतात. त्या तिघांना वेगळे ओळखेल असे इन्व्हेरियंट असूच शकत नाही.

मग एवढेच विचारता येते: क्लोजर भेटल्यामुळे जेवढे मिसळणे भाग होते तेवढेच मिसळले, की त्याहून जास्त? रिडक्टिव्ह ग्रुप आणि अफाइन व्हरायटी असेल तर याचे उत्तर फार समाधानकारक आहे. एकमेकांना न छेदणारे आणि क्रियेखाली न बदलणारे दोन बंद उपसंच घ्या. बैजिक भूमितीतल्या नेहमीच्या युक्तीने एकावर ० आणि दुसऱ्यावर १ होणारे फंक्शन मिळते, कारण दोघांच्या आयडियलची बेरीज म्हणजे संपूर्ण रिंग. हे फंक्शन इन्व्हेरियंट असेलच असे नाही, पण रिडक्टिव्ह ग्रुपकडे रेनॉल्ड्स ऑपरेटर असतो, म्हणजे सरासरी काढायची एक बैजिक पद्धत. सरासरी काढली की फंक्शन इन्व्हेरियंट होते. पहिल्या संचावर ते ० आणि दुसऱ्यावर १ राहतेच, कारण तिथे ते आधीच स्थिर होते. म्हणजे दोन वेगळ्या बंद कक्षा कोणत्या तरी इन्व्हेरियंटने नक्की वेगळ्या ओळखता येतात. कोशंटचा प्रत्येक बिंदू म्हणजे नेमकी एक बंद कक्षा, आणि जिच्या क्लोजरमध्ये ती बंद कक्षा आहे अशी प्रत्येक कक्षा त्याच बिंदूवर जाते.

आता तुमच्या २×२ मॅट्रिक्सकडे येऊ. कर्णावर ल, ल आणि वरच्या कोपऱ्यात १ असलेला जॉर्डन ब्लॉक घ्या. कर्णावर त आणि १ असलेल्या मॅट्रिक्सने त्याला कॉन्ज्युगेट केले की कोपऱ्यातला १ त होतो, आणि बाकी काही बदलत नाही. त शून्याकडे नेला की स्केलर मॅट्रिक्स मिळतो. म्हणजे जॉर्डन ब्लॉकच्या दोन मितींच्या कक्षेच्या कडेवर स्केलर मॅट्रिक्सची एका बिंदूची कक्षा बसलेली आहे. या दोघांना वेगळे करणारे बहुपदी इन्व्हेरियंट असते तर त्याला त शून्याजवळ उडी मारावी लागली असती. एन×एन मॅट्रिक्ससाठीही चित्र हेच: इन्व्हेरियंटची रिंग कॅरॅक्टरिस्टिक बहुपदीच्या सहगुणकांनी तयार होते, कोशंट एन मितींचे अफाइन अवकाश असते, आणि बंद कक्षा म्हणजे कर्णरूप करता येणारे मॅट्रिक्स. जॉर्डन रूपातली कर्णावरची माहिती कोशंटमध्ये टिकते, कर्णाच्या वरचे १ नाहीसे होतात. तो कोशंट जॉर्डन रूपांचा नसून कर्णरूप मॅट्रिक्सच्या कॉन्ज्युगसी वर्गांचा आहे. असे वाचले की त्यात खोटे काही उरत नाही.

रिडक्टिव्ह हा शब्द मी इथे सहज वापरला, पण त्याच्यावर बराच भार आहे. बेरजेचा ग्रुप प्रतलावर असा चालवा: स हा (क्ष, य) ला (क्ष, य + स·क्ष) वर नेतो. क्ष शून्य नसेल तिथे कक्षा म्हणजे उभी रेषा, आणि क्ष = ० वरचा प्रत्येक बिंदू स्वतःच एक कक्षा. इथे सगळ्या कक्षा बंद आहेत. तरीही इन्व्हेरियंट फक्त क्ष च्या बहुपदी आहेत, त्यामुळे य-अक्षावरच्या अनंत बंद कक्षा एकाच बिंदूवर कोसळतात. क्लोजर कुठेच भेटत नाहीत आणि तरी फंक्शन अपुरी पडतात, कारण सरासरी काढायचे साधन नाही. याहून वाईटही घडते. डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९० मध्ये शास्त्रीय ग्रुपसाठी इन्व्हेरियंटची रिंग सांत घटकांनी तयार होते हे सिद्ध केले, आणि हे सर्वसाधारणपणे खरे आहे का हा प्रश्न १९०० मध्ये त्यांच्या यादीत चौदावा होता. मासायोशी नागाता यांनी १९५८ मध्ये बेरजेच्या ग्रुपच्या १३ प्रतींची ३२ मितींच्या अवकाशावरची क्रिया दाखवली, जिच्यात ही सांतता मोडते. रिडक्टिव्ह ग्रुपसाठी मात्र ती प्रत्येक कॅरॅक्टरिस्टिकमध्ये टिकते. धन कॅरॅक्टरिस्टिकमध्ये सरासरीची जागा एक जरा दुबळा गुणधर्म घेतो. तो गुणधर्म खरा आहे असे डेव्हिड मम्फर्ड यांचे अनुमान होते, आणि विल्यम हबूश यांनी ते १९७५ मध्ये सिद्ध केले. तेव्हा ग्रुप रिडक्टिव्ह नसेल तर इथे लिहिलेले सरळ उचलू नका.

आतापर्यंतचा हिशोब एवढा: अफाइन व्हरायटी आणि रिडक्टिव्ह ग्रुप असेल तर इन्व्हेरियंटनी बनलेला कोशंट असतोच, आणि त्याचे बिंदू म्हणजे बंद कक्षा. पण कधी कधी बंद कक्षा इतक्या थोड्या असतात की हा कोशंट काहीच सांगत नाही. सदिश अवकाशावर सगळ्या कोऑर्डिनेटना त ने गुणा. एकमेव बंद कक्षा आरंभबिंदू, इन्व्हेरियंट म्हणजे केवळ स्थिरांक, आणि कोशंट एक बिंदू. आरंभबिंदू काढून टाकला की मात्र प्रोजेक्टिव्ह अवकाश मिळते. एक बिंदू टाकल्यावर बाकी सगळ्या कक्षा बंद झाल्या आणि खरा कोशंट हाती आला.

म्हणजे काही बिंदू टाकून देणे हा कोशंट बनवण्याचा भाग आहे. पण कोणते टाकायचे? अपास्तांच्या उदाहरणात फक्त आरंभबिंदू टाकला तर दोन अक्ष दोन वेगळ्या बंद कक्षा होतात, पण उरलेल्या अपास्तांची रांग त्या दोघींकडे एकाच वेळी सरकते. कोशंट म्हणून दुहेरी आरंभबिंदू असलेली रेषा मिळते, आणि ती सेपरेटेड नाही. तिथे कक्षा आणि बिंदू यांची जोडी अचूक लागते, पण सीमा एकमेव राहत नाही. त्याऐवजी संपूर्ण य-अक्ष टाकला, म्हणजे क्ष शून्य नसलेला भाग ठेवला, तर स्वच्छ रेषा मिळते आणि तिचा प्रत्येक बिंदू म्हणजे एकच कक्षा. क्ष-अक्ष टाकूनही तसेच. समान हक्काच्या दोन निवडी आहेत, आणि कोणती घ्यायची ते क्रिया स्वतः सांगत नाही.

१९६५ मध्ये मम्फर्ड यांनी मांडलेली जिओमेट्रिक इन्व्हेरियंट थिअरी, म्हणजे जीआयटी, ही निवड शिस्तीत करायची रीत आहे. त्यात लिनिअरायझेशन निवडतात: व्हरायटीवर एक अँपल लाइन बंडल आणि त्याच्यावर ग्रुपच्या क्रियेची उचल. अफाइन अवकाश आणि क्षुल्लक बंडल असेल तर ही उचल म्हणजे ग्रुपचे एक कॅरॅक्टर (ग्रुपमधून शून्येतर संख्यांत जाणारा, गुणाकार जपणारा नकाशा). ज्या बिंदूवर या बंडलच्या कुठल्या तरी घाताचा इन्व्हेरियंट सेक्शन शून्य होत नाही तो सेमीस्टेबल, बाकीचे बाद. ज्या सेमीस्टेबल बिंदूची कक्षा सेमीस्टेबल भागात बंद आहे आणि स्टॅबिलायझर सांत आहे, तो स्टेबल. प्रत्यक्ष हिशोब हिल्बर्ट-मम्फर्ड कसोटीने होतो: संपूर्ण ग्रुपऐवजी एकेका गुणाकारी उपग्रुपखाली बिंदू कुठे सरकतो एवढेच तपासायचे. माझ्या कामात जवळजवळ सगळी आकडेमोड या कसोटीवर चालते.

निवडीने किती फरक पडतो ते तीन मितींत बघा. दोन कोऑर्डिनेटना त ने गुणा आणि तिसऱ्याला त ने भागा. कॅरॅक्टर क्षुल्लक असेल तर कोशंट प्रतल. एका दिशेचे कॅरॅक्टर घेतले, म्हणजे तिसरा कोऑर्डिनेट शून्य नसलेला भाग ठेवला, तर पुन्हा प्रतल. विरुद्ध दिशेचे घेतले, म्हणजे पहिले दोन एकदम शून्य नसलेला भाग ठेवला, तर प्रतलाचा आरंभबिंदूवरचा ब्लो-अप मिळतो, म्हणजे आरंभबिंदूच्या जागी त्यातून जाणाऱ्या दिशांची प्रोजेक्टिव्ह रेषा बसवलेले प्रतल. ग्रुप तोच, व्हरायटी तीच, आणि कोशंट दोन वेगळे. त्यांतला कोणताही चुकीचा नाही.

प्रोजेक्टिव्ह बाजूचे माझे आवडते उदाहरण म्हणजे प्रोजेक्टिव्ह रेषेवरचे चार क्रमवार बिंदू आणि त्यांच्यावर एसएल-२ ची क्रिया. मितींचा हिशोब चार वजा तीन, म्हणजे कोशंट एक मितीचा. चारही बिंदूंना समान वजन दिले तर सगळे वेगळे असलेली चौकडी स्टेबल असते, जास्तीत जास्त दोन-दोन एकत्र आलेली सेमीस्टेबल, आणि तीन एका जागी आले की ती बाद. कोशंट प्रोजेक्टिव्ह रेषा, आणि नकाशा म्हणजे आपला जुना क्रॉस-रेशो. त्याच्या ०, १ आणि अनंत या तीन मूल्यांवर, म्हणजे चार बिंदूंच्या दोन-दोन जोड्या पाडायच्या तीन प्रकारांवर, पुन्हा तीन-तीन कक्षा बसतात: फक्त पहिली जोडी एकत्र आलेली, फक्त दुसरी एकत्र आलेली, आणि दोन्ही एकत्र आलेल्या. शेवटची बंद, आणि बाकी दोघींच्या क्लोजरमध्ये ती.

ही तीन कक्षांची रचना अपास्तांच्या चित्राशी केवळ दिसायला जुळते असे नाही. दोन्ही जोड्या एकत्र आलेल्या चौकडीचा स्टॅबिलायझर म्हणजे कर्णावरचा गुणाकारी ग्रुप. तिच्या कक्षेला आडव्या दोन दिशा उरतात. एकीवर हा ग्रुप धन वजनाने चालतो आणि दुसरीवर तितक्याच ऋण वजनाने. डॉमिनिक ल्यूना यांचे १९७३ चे स्लाइस प्रमेय सांगते की बंद कक्षेजवळ कोशंट कसा दिसतो हे या आडव्या छेदाला स्टॅबिलायझरने भागून कळते. आणि तो भागाकार म्हणजे आपले अपास्तच. एका बिंदूला बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त वजन दिले तर प्रत्येक खास मूल्यावर तिन्हींपैकी नेमकी एक कक्षा टिकते, जणू एक अक्ष आरंभबिंदूसकट टाकून दिला. कोशंट तरीही प्रोजेक्टिव्ह रेषाच राहतो, पण आता त्याचा प्रत्येक बिंदू एकच कक्षा असतो. नवी क्रिया समजून घ्यायची माझी रीत हीच आहे: बंद कक्षा शोधायच्या, त्यांचे स्टॅबिलायझर काढायचे, आडवा छेद घ्यायचा. इन्व्हेरियंटची पूर्ण यादी बहुधा त्यानंतरही लागत नाही.

आता त्या चार नावांकडे. कॅटेगॉरिकल कोशंट म्हणजे कक्षांवर स्थिर असलेला प्रत्येक नकाशा ज्याच्यातून जातो तो. ही अट इतकी सैल आहे की एकटा बिंदूही कधी कधी तिच्यात बसतो. गुड कोशंटमध्ये त्याशिवाय फंक्शन म्हणजे नेमकी इन्व्हेरियंट फंक्शन असतात आणि न छेदणारे बंद इन्व्हेरियंट संच वेगळे राहतात. अफाइन व्हरायटीवरचा इन्व्हेरियंटचा कोशंट आणि जीआयटीचा सेमीस्टेबल भागावरचा कोशंट, दोन्ही या प्रकारचे. जिओमेट्रिक कोशंटमध्ये प्रत्येक बिंदू म्हणजे एक कक्षा, आणि स्टेबल भागावर तो मिळतो. मिसळलेल्या कक्षांच्या वर्गांना मॉड्युलीच्या (भूमितीय वस्तूंच्या वर्गीकरणाच्या) भाषेत एस-इक्विव्हॅलन्स म्हणतात. रीमान पृष्ठावरच्या व्हेक्टर बंडलसाठी ही कल्पना सी. एस. शेषाद्री यांनी १९६७ मध्ये आणली.

स्टॅक हा वेगळ्या जातीचा प्राणी आहे. तो काहीच मिसळत नाही आणि काहीच टाकत नाही. प्रत्येक कक्षेबरोबर तिचा स्टॅबिलायझरही जपतो. स्टॅबिलायझर जपून काय मिळते? एलिप्टिक वक्रांचा जे-इन्व्हेरियंट, म्हणजे वक्राचा प्रकार ओळखणारी संख्या, घ्या. त·य² = क्ष³ + अ·क्ष + ब या कुटुंबात त बदलला तरी जे बदलत नाही, म्हणजे जे-रेषेवरचा नकाशा स्थिर. पण हे कुटुंब एकाच वक्राच्या प्रती शेजारी ठेवून बनलेले नाही. त ची शून्याभोवती एक फेरी मारली की वक्र आपल्या ऋण चिन्हाच्या ऑटोमॉर्फिझमने उलटून परततो. जे-रेषेला ही उलट दिसत नाही, स्टॅकला दिसते. कुटुंबांचा अभ्यास करायचा असेल किंवा इंटरसेक्शनचे आकडे अचूक हवे असतील तर स्टॅक घ्या. प्रोजेक्टिव्ह व्हरायटी हवी असेल, तिची मिती, सिंग्युलॅरिटी, कोऑर्डिनेट हवे असतील तर जीआयटी. दोन्हींमधला पूलही आहे: स्टॅबिलायझर सांत प्रकारचे असतील तर शॉन कील आणि शिगेफुमी मोरी यांच्या १९९७ च्या प्रमेयाने स्टॅकखाली एक कोर्स स्पेस (स्टॅबिलायझर विसरून उरणारी जागा) मिळतेच, मात्र ती स्कीम असेल याची हमी नाही, ती अल्जिब्राइक स्पेस, म्हणजे स्कीमपेक्षा थोडी सैल रचना, असू शकते.

तीन गोष्टी झटपट. ग्रुप सांत असेल तर सगळ्या कक्षा बंद असतात, त्यामुळे क्वासी-प्रोजेक्टिव्ह व्हरायटीवर जिओमेट्रिक कोशंट नेहमी मिळतो. पण तो गुळगुळीत असेलच असे नाही. प्रतलाला ±१ ने भागले की शंकू मिळतो. फक्त सर्वसाधारण कक्षांशी काम असेल तर मॅक्सवेल रोझेनलिक्ट यांचे १९५६ चे प्रमेय पुरते: कुठल्याही अल्जिब्राइक ग्रुपसाठी एका दाट ओपन भागावर जिओमेट्रिक कोशंट असतो. आणि क्षेत्र बैजिकदृष्ट्या बंद नसेल तर कोशंटचे बिंदू आणि कक्षा यांचा मेळ आपोआप बसत नाही: शून्येतर वास्तव संख्यांवर त² ने गुणायची क्रिया केली तर कक्षा दोन, धन आणि ऋण, पण कोशंट एकच बिंदू.

आता तुमची जोडी. अ आणि ब हे २×२ मॅट्रिक्स, दोघांचे एकाच वेळी कॉन्ज्युगेशन. मिती आठ, क्रिया करणारा ग्रुप प्रत्यक्षात तीन मितींचा कारण स्केलर काही करत नाहीत, तेव्हा कोशंट पाच मितींचा. इन्व्हेरियंटही पाचच: अ चा ट्रेस, ब चा ट्रेस, अ चा डिटर्मिनंट, ब चा डिटर्मिनंट आणि अब चा ट्रेस. त्यांच्यात एकमेकांशी कोणतेही बैजिक नाते नाही, म्हणून कोशंट म्हणजे पाच मितींचे अफाइन अवकाश.

अब − बअ याचा डिटर्मिनंट बघा. तो शून्य होतो तेव्हाच अ आणि ब ला सामाईक आयगेनव्हेक्टर असतो. तो या पाच इन्व्हेरियंटमध्येच लिहिता येतो, तेव्हा कोशंटमध्ये तो एक हायपरसर्फेस (एका समीकरणाने ठरणारा भाग) कोरतो. त्याच्या बाहेर जोडी इर्रिड्यूसिबल (सामाईक आयगेनव्हेक्टर नसलेली), कक्षा बंद, आणि एक बिंदू म्हणजे एक कक्षा. हायपरसर्फेसवर जोडी एकदम वरच्या त्रिकोणात आणता येते, आणि कर्णावर (अ₁, ब₁) व (अ₂, ब₂) अशा दोन संख्या-जोड्या दिसतात. त्या वेगळ्या असतील तर त्या बिंदूवर नेमक्या तीन कक्षा आहेत: कर्णरूप असलेली बंद कक्षा, आणि पहिली जोडी वर की दुसरी यानुसार कर्णरूप न होणाऱ्या दोन कक्षा. आडवा छेद काढून बघा; चार निष्क्रिय दिशा आणि उरलेल्या दोन दिशांवर तेच (त·क्ष, य/त) मिळेल. दोन्ही संख्या-जोड्या सारख्या असतील तर एक स्केलर जोडी बंद, आणि तिच्याभोवती प्रोजेक्टिव्ह रेषेएवढ्या, म्हणजे अनंत, न बंद होणाऱ्या कक्षा. हायपरसर्फेस तिथेच सिंग्युलर होतो: तो प्रतल आणि वर ±१ च्या उदाहरणात आलेला शंकू यांचा गुणाकार आहे, आणि शंकूचे टोक म्हणजे स्केलर जोड्या.

एक सावधगिरी. त्या तीन कक्षांतल्या बंद नसलेल्या दोन जोड्यांचा स्टॅबिलायझर फक्त स्केलर आहे, अगदी इर्रिड्यूसिबल जोडीसारखा. तेव्हा स्टॅबिलायझर लहान आहे म्हणून कक्षा बंद असेल असे धरू नका. लहान स्टॅबिलायझरने कक्षा मोठी होते, बंद होत नाही.

या तिन्हींतली एक निवडून जिओमेट्रिक कोशंट मिळवावा असे वाटेल, पण इथे कॅरॅक्टर मदत करत नाही: जीएल-२ ची कॅरॅक्टर म्हणजे डिटर्मिनंटचे घात, ती स्केलरवर क्षुल्लक नाहीत आणि स्केलर तर सगळे बिंदू जागच्या जागी ठेवतात, म्हणून सेमीस्टेबल भाग रिकामा होतो. तुम्हाला गुळगुळीत आणि प्रत्येक बिंदूला एकच कक्षा असलेली जागा हवी असेल तर एक सदिश जोडा. (अ, ब, स) अशी त्रिकुटे घ्या आणि स वर अ, ब चे शब्द चालवून संपूर्ण दोन मितींचे अवकाश मिळते एवढी अट ठेवा. आता स्केलरही स ला हलवतात, क्रिया मुक्त होते, आणि सहा मितींचा गुळगुळीत जिओमेट्रिक कोशंट मिळतो. तो तुमच्या पाच मितींच्या अवकाशावर प्रोजेक्टिव्ह नकाशाने उतरतो, आणि इर्रिड्यूसिबल बिंदूवर त्याचा फायबर (त्या बिंदूवर उतरणारा भाग) प्रोजेक्टिव्ह रेषा असतो. तुमच्या प्रश्नात जोडीला असा सदिश नैसर्गिकपणे चिकटलेला असेल तर मी हाच कोशंट घेईन. नसेल तर पाच ट्रेस-डिटर्मिनंटांचा कोशंट घेऊन हायपरसर्फेसवरचा हिशोब वर दिल्याप्रमाणे वेगळा करीन.